कपाळाला आणि गळ्याला

स्टाफरूमच्या फ्रीजमध्ये ताकाची बाटली ठेवायला गेले, तेव्हा चटणीच्या डब्यामागे ते मला पहिल्यांदा दिसलं. जाडसर, निळं पेन. मला वाटलं, कोणीतरी घाईत पेन फ्रीजमध्ये टाकलं असणार. आमच्या शाळेत काहीही होऊ शकतं, एकदा सातवीचा हजेरीपट पाण्याच्या माठावर सापडला होता. मी ते उचललं आणि मागून गणिताच्या बाई ओरडल्या, "अगं ठेव ते! ठेव आधी!"

गणिताच्या बाई गेल्या दिवाळीपासून भराभर उतरत होत्या. ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले होते. विचारलं की उत्तर एकच, "शिवाजी पार्कला पाच फेऱ्या मारते." त्यांच्या नादाने आम्ही तिघीचौघींनी फेऱ्या सुरू केल्या होत्या. वजन जागचं हललं नाही, माझा उजवा गुडघा तेवढा सुजला. आणि इथे त्या पाच फेऱ्या चटणीच्या डब्यामागे गार होत पडल्या होत्या. हसावं की चिडावं कळेना. मी दोन्ही केलं, आधी चिडले.

"घरी सासूबाई सारखा फ्रीज उपसतात गं, म्हणून इथे ठेवते," त्या दार लोटून म्हणाल्या. "वजन उतरवायचं इंजेक्शन आहे, डॉक्टरांनीच दिलंय. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं, बस. शपथ आहे तुला, कोणाला सांगू नकोस."

"आणि मग होतं काय?"

"काही नाही. भूकच लागत नाही."

त्या हे अगदी खुशीत म्हणाल्या. हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, लालबागच्या आमच्या खोलीत, आईच्या तोंडून.

आई चांगली भरलेली होती, मी तिच्यावरच गेले आहे. मी पंचवीस वर्षांची असताना तिचं खाणं एकाएकी कमी झालं. सुरमईची तुकडी ताटात तशीच ठेवून उठायची. म्हणायची, "भूकच नाय गो." वजन उतरायला लागलं आणि अख्खी चाळ खूश झाली. जिन्यात, गॅलरीत, जी भेटेल ती विचारायची, "काय वहिनी, बारीक झालात! काय करता काय?" आई लाजून हसायची. मीही एकदा तिला म्हटलं होतं, "आई, आता पंजाबी ड्रेस घालायला हरकत नाही तुला." हे मी बोलले होते, हे आठवलं की आजही जीव नकोसा होतो.

दोन महिन्यांनी तिच्या गळ्याशी गाठ दिसली. बाबा तिला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आमच्या घरात त्या हॉस्पिटलाचं नाव घेत नसत, आजाराचं तर नाहीच. "आज परळला जायचंय" एवढंच म्हणायचं. मला कळत नव्हतं असं नाही. पण नेमकं काय, कोणत्या प्रकारचं, हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. फाइल कायम बाबांच्या काखेत. मी नोकरीत नवी, शिवाय त्याच वर्षी माझं स्थळ जमत आलं होतं. लोकांनी विचारलं तर "थायरॉइड आहे" म्हणायचं, असं बाबांनी ठरवून दिलं होतं, आणि ते खपलं. थायरॉइडची गोळी खाणाऱ्या बायका चाळीत मजल्यागणिक होत्या.

अकरा महिन्यांत आई गेली. वर्षाच्या आत लग्न नाही केलं तर तीन वर्षं थांबायला लागतं, म्हणून सातव्या महिन्यात माझं लग्न लागलं आणि मी दादरला आले.

तेव्हापासून वजनकाटा वर गेला की मला काही वाटत नाही. काटा खाली आला की मात्र घाम फुटतो. एकदा तापात माझं चार किलो वजन गेलं. मी दोनदा रक्त तपासून घेतलं, आरशासमोर उभी राहून गळा चाचपला आणि मग महिनाभर श्रीखंड-पुरी खाऊन ते चार किलो परत आणले. नवरा अजून त्यावरून चिडवतो. जगात सगळ्यांना बारीक व्हायचं असतं, आमच्या हिला परत जाड व्हायची घाई, म्हणतो.

पण गुडघ्याला आईशी काही देणंघेणं नव्हतं. वजन एक्याण्णव झालं होतं. शाळेचे तीन मजले मी कठड्याला धरून चढत होते. मी भूगोल शिकवते, आणि नकाशासमोर उभं राहून भूगोल शिकवणं बंद होऊन टेबलाशी बसून शिकवणं सुरू झालं होतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, निदान पंधरा किलो उतरवा, नाहीतर ऑपरेशन. दुधीचा रस पिऊन झाला, रात्रीचं जेवण सोडून झालं, सोळा-सोळा तास उपाशी राहून झालं. सोळाव्या तासाला मी घरातल्या माणसांवर इतकी ओरडायचे, की लेकीनेच हातात पोळी दिली.

आणि आता ते निळं पेन डोक्यातून जाईना. तीन आठवडे मी स्वतःशीच घोळ घातला. आठवड्याला एक टोचणी, आणि तीन मजले धापा न टाकता. पण भूक लागणार नाही म्हणजे काय? उद्या खरंच काही झालं आणि मी उतरायला लागले, तर ते औषधाने की आणखी कशाने, हे मला कळणार कसं? आईच्या वेळी निदान वजनाने आधी सांगितलं होतं. आम्हाला ते ऐकू आलं नाही, हा आमचा दोष.

शेवटी नवऱ्याने विषय संपवला. "डॉक्टरला विचार ना. माझं डोकं खाऊन वजन उतरणार आहे का तुझं?"

रानडे रोडच्या एका गल्लीत दवाखाना होता. डॉक्टर तरुण, बोलायला गोड मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने रिपोर्ट नीट पाहिले. साखर काठावर, गुडघे कामातून गेलेले, म्हणजे इंजेक्शनचा विचार करायला हरकत नाही, म्हणाली. मळमळ होईल, सुरुवातीला थोडं थोडं खा, हे सगळं समजावलं. माझा धीर वाढत चालला होता. मग तिने घरच्यांचे आजार विचारायला सुरुवात केली. बीपी? बाबांना. मधुमेह? आत्याला. थायरॉइड?

"हो, आईला होतं," मी सवयीने म्हणाले.

"गोळी घ्यायच्या?"

"नाही, म्हणजे... गाठ होती. गेली ती त्यातच."

तिने पेन खाली ठेवलं. "कॅन्सर होता?"

एकोणीस वर्षांत माझ्या आईबद्दल हा शब्द माझ्यासमोर कोणी पहिल्यांदा उच्चारला. मी मान हलवली.

"कोणत्या प्रकारचा, माहितेय का मॅडम? थायरॉइडच्या कॅन्सरचे प्रकार असतात. त्यातला एक घरात कोणाला झाला असेल, तर हे इंजेक्शन मी देऊ शकत नाही. आणि," ती जरा थांबली, "तसं असेल तर इंजेक्शन राहू दे, तुमचीच तपासणी करायला लागेल. तो प्रकार कधी कधी आईकडून मुलांकडे येतो. आईची फाइल आहे का कुठे?"

मी चव्वेचाळीस वर्षांची, शिकलेली, दुसऱ्यांच्या मुलांना जगातल्या नद्या पाठ करायला लावणारी बाई. आणि माझी आई कशाने गेली, हे मला सांगता येत नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा शरम वाटत होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर लालबागला गेले. जुनी चाळ पाडून तिथे आता टॉवर झाला आहे, बाबा चौदाव्या मजल्यावर एकटे राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करतात. दार उघडल्या उघडल्या नेहमीसारखं मला खालून वर न्याहाळून म्हणाले, "इलंस? माका बारीक दिसतंस गो. खातंस मा?"

एक्याण्णव किलोच्या मुलीला बारीक म्हणणारा जगात हा एकच माणूस. एरवी मी हसते. त्या दिवशी हसू आलं नाही.

मग दुसरी नेहमीची गोष्ट. गावच्या देवळातला अंगारा बाबा जुन्या पावडरच्या डबीत ठेवतात. आईमागे सुरू झालेला त्यांचा नेम, मी गेले की आधी अंगारा, मग पाणी. एक बोट कपाळाला. मग हनुवटी वर करायला लावून अंगठा गळ्यावरून, आधी मधे, मग डावीकडे, मग उजवीकडे, सावकाश. देवाधर्माचं इतर काही ते फारसं करत नाहीत, पण हे चुकवत नाहीत. माझ्या लेकीलाही ती पाळण्यात होती तेव्हापासून लावतात. ती गुदगुल्या होतात म्हणून ओरडते.

पाणी पिऊन मी सरळच विचारलं, "बाबा, आईची फाइल आहे का?"

"कित्याक व्हयी तुका?"

मी इंजेक्शनचं सांगितलं, डॉक्टरने काय विचारलं तेही सांगितलं. मला वाटलं, टाकून दिली म्हणतील. ते उठले, देवघराखालचा खण ओढला आणि पोथ्यांखालून फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. चाळ पाडली तेव्हा आमची निम्मी भांडी भंगारात गेली होती, फाइल मात्र चौदाव्या मजल्यापर्यंत आली होती.

पहिल्याच कागदावर आईची वजनं होती. एकाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, पन्नास. मग बायोप्सीचा रिपोर्ट. डॉक्टरने मला प्रकाराचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. मी चिठ्ठी रिपोर्टशेजारी धरली आणि एकेक अक्षर जुळवलं, मग पुन्हा एकदा जुळवलं. तेच होतं. पान उलटलं, तर खाली शाईने इंग्रजीत लिहिलं होतं, मुलांची तपासणी करून घ्यावी. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. "तेव्हा तुझा लगीन ठरत होता. लोकांका कळला असता, तर सोयरीक मोडली असती. तुझ्या आयेक तुझा लगीन बघूचा होता."

"तिने कुठे बघितलं? आणि लग्नानंतर? एकोणीस वर्षं झाली, बाबा!"

"मगे तुका दिवस गेले. मगे सांगूक धीर झालो नाय."

मला भयंकर राग आला. इतका, की फाइल आपटली आणि कागद लादीवर पसरले. मी ओरडले की माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिचं काय, तुम्ही कोण ठरवणारे, देवाच्या भरवशावर बसलात का? ते खाली वाकून कागद गोळा करत होते. त्यांना वाकवत नव्हतं, तरी मी उठले नाही. मग ते वर न बघताच म्हणाले,

"देवाच्या नाय. मी बघतंय मा दर खेपेक. तुका आणि तिका. अजून हाताक काय लागाक नाय."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग माझा हात आपोआप गळ्याशी गेला. तिथे अंगारा होता, मधे, डावीकडे, उजवीकडे. आई गेल्यापासून हा माणूस दर खेपेला माझ्या गळ्यावर अंगठा फिरवून गाठ शोधत होता, आणि मी जाड राहिले म्हणून मनातून निर्धास्त होत होता. माझा राग गेला नाही. पण मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर कागद उचलायला लागले.

फाइल पिशवीत घालून टॅक्सीने दादरला आले. डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, इंजेक्शनचा विषय आता बंद, सोमवारी उपाशीपोटी या, रक्त घेऊ. मुलीचं नंतर, आधी तुमचं. तुमचं चांगलं आलं तर तिला काही करायलाच नको. घाबरू नका, असंही म्हणाली, आणि ते तिने तीनदा म्हटल्यामुळे मी फार घाबरले.

लेक टेबलाशी अभ्यास करत बसली होती. हल्ली ती जेवणात कुरकुर करते, जीन्स सैल झाली म्हणून खूश असते. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिची हनुवटी वर केली आणि अंगठा तिच्या गळ्यावर ठेवला. मधे, मग डावीकडे.

"ई, आई, गुदगुल्या होतात!" ती हसत म्हणाली. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "आणि अंगारा कुठाय?"

मी अंगठा उजवीकडे नेला.