माळ्यावर नऊ, दारात दोन

माझी सासू बायजाबाई, राहणार दिघाशी, तालुका भिवंडी. वय सत्त्याहत्तर, कान अर्धे, जीभ पूर्ण. मी वज्रेश्वरीला देवळाजवळ ओटीचं सामान विकतो. माझ्या आणि भावनाच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण सासूने अजून एकदाही मला भूपेश म्हणून हाक मारलेली नाही. ‘जावईबापू’ म्हणते आणि लगेच एखादं काम सांगते. त्यामुळे तिच्या तोंडचा मान ऐकला की मी चप्पल शोधायला लागतो.

गेल्या जानेवारीत भावनाच्या फोनवर एका मुलीचा फोन आला. नाव मदीहा. भिवंडी शहरातल्या निजामपुऱ्यातल्या साजिदाबींची नात. जगात लढाया होतात, दंगली होतात, माणसं घरदार टाकून पळतात, अशा वेळी ज्या साध्या माणसांनी त्यांना घरात घेतलं त्यांच्यावर ती डॉक्युमेंट्री बनवते. आता तिला भिवंडीच्या चौऱ्याऐंशीच्या दंगलीवर करायची होती. तेव्हा तिचे दादा-दादी आणि घरचे मिळून नऊ जण माझ्या सासूच्या माळ्यावर तेरा दिवस लपले होते.

“आई बोलेल,” भावना तिला म्हणाली. “तुम्हाला थांबवावं लागेल.”

मदीहा एका कॅमेरेवाल्याला घेऊन दिघाशीला आली. सासूला अंदाज यावा म्हणून तिने आधी लॅपटॉपवर आपली जुनी फिल्म दाखवली. कुठल्यातरी परदेशातलं बर्फाळ गाव, युद्धाच्या वेळची कत्तल, आणि नव्वदीची एक म्हातारी. तिने चौदा माणसं बटाट्यांच्या तळघरात लपवली होती. म्हातारी डोळे पुसत बोलत होती, मदीहा मराठीत सांगत होती, “ती म्हणतेय, ती सगळी देवाची लेकरं होती. मी विशेष काही केलं नाही.”

सासूने पडद्यावरच्या बाईकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “खोटं बोलतीय ही.”

मदीहाने लॅपटॉप थांबवला.

“लपवली असतील गं. त्याचं न्हाय बोलत मी. पन चौदा मानसं घरात, आन हिला एकदाबी राग न्हाय आला? तोंड बघ तिचं. मोठी तापट बाई हाय ती. तू कापलं असशील.”

मदीहाने कबूल केलं. तळघरातलं लोणी कोणी संपवलं यावर ती म्हातारी पंचवीस मिनिटं बोलली होती. ते फिल्ममध्ये बसत नव्हतं.

“त्येच तर खरं व्हतं,” सासू म्हणाली आणि मला म्हणाली, “जावईबापू, कोंबड्या बाहेर काढा.”

मग लुगड्याच्या पदराला माइक लावून शूटिंग सुरू झालं. मदीहाने विचारलं, “आजी, ते लोक दारात आले तेव्हा तुम्हाला काय वाटलं?”

“वाटलं, आली का ही अवदसा.”

त्याला कारण होतं. सासू तेव्हा रोज सकाळी टेम्पोने निजामपुऱ्यात दूध घालायला जायची. साजिदाबींचं म्हणणं, दुधात पाणी असतं. सासूचं म्हणणं, तुझ्या पातेल्यात असेल. हे भांडण दोन वर्षं चाललं होतं. मे महिन्यात शहर पेटलं, साजिदाबींचा नवरा नूर मोहम्मद, त्याच्या आठ लूमच्या कारखान्याला आग लावली, तेव्हा साजिदाबी घरच्यांना घेऊन एका गवताच्या ट्रकमधून निघाल्या. कुठे जायचं तर खेड्यात त्यांच्या ओळखीचं एकच माणूस होतं, आणि त्याच्याशीच भांडण चालू होतं. ट्रकवाल्याने नाक्यावर उतरवलं, तिथून ही नऊ माणसं भर दुपारी उन्हातून चालत आली. साजिदाबी अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बायजा, पानी मिळेल?”

“दुधातलं देऊ का साधं?” सासू म्हणाली. मग हंडा पुढे सरकवला आणि सगळ्यांना आत घेतलं. भात ठेवायचा माळा मे महिन्यात रिकामाच होता.

कॅमेऱ्यापुढे ती तासभर तक्रारीच करत राहिली. नूर मोहम्मदला लूमच्या खडखडाटाशिवाय झोप लागत नव्हती, म्हणून तो बसल्या बसल्या माळ्याची फळी बोटांनी वाजवायचा. त्याचे म्हातारे चाचा मात्र आडवे झाले की घोरायचे, आणि ते बहुतेक वेळ आडवेच असायचे. डाळ वर पोचवली की पाच मिनिटांत साजिदाबींचा आवाज यायचा, “बायजा, मीठ कमी हाय.”

“जीव वाचवायला आलीस का जेवाया, असं इचारलं मी. तर म्हन्ते, दोन्हीला.”

गावाला सगळं ठाऊक होतं. कोणी मुद्दाम गप्प बसलं, कोणी भिऊन, आणि दोघं-तिघं बायजाबाईच्या तोंडाला लागायला नको म्हणून. पाचव्या दिवशी दुपारी बाहेरगावची एक जीप आली. सहा जण उतरले, हातात काठ्या आणि सळया. सासू दारात तांदूळ पाखडत होती, सासरे सावळाराम शेजारी दोरखंड वळत होते. माणसांनी विचारलं, घरात कोण आहे. नेमकं तेव्हा माळ्यावर चाचा घोरले.

“हे कोण?”

“माजा नवरा,” सासू म्हणाली. “ताडी पिऊन पडलाय.”

“मग हा कोण?”

सासूने सावळारामकडे बघितलं आणि म्हणाली, “ह्यो गडी.”

सासूने सासऱ्यांना लगेच बैलांना पाणी दाखवायला पिटाळलं आणि ते मान खाली घालून गेले. एकाने वर चढून बघायची भाषा केली. सासू म्हणाली, चढ, त्याने माळ्यावर ओकारी केलीय, येताना पुसून ये. मग कोणी चढलं नाही. जीप गेल्यावर सासू उंबऱ्यावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सासऱ्यांना मात्र भीतीपेक्षा अपमान जास्त लागला. पुढे चोवीस वर्षं जगले, पण भांडण झालं की एवढंच म्हणायचे, “मी काय बोलनार, मी गडी.”

कॅमेरेवाला हसून हसून हलायला लागला, मदीहाही हसली. सासू हसली नाही. तिने पदर सारखा केला.

“त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं आली,” ती म्हणाली.

हे भावनालाही माहीत नव्हतं. मी कोंबडी धरून तसाच उभा राहिलो.

“एक म्हातारा, आन एक बाई. त्याची सून असंल नायतर लेक. बाईच्या हातात गाठोडं. म्हाताऱ्याच्या एकाच पायात चप्पल. मी फटीतून बघितलं. त्यांनी दार वाजवलं. मी आतूनच बोलले, घरात जागा न्हाय.”

“जागा होती?” मदीहाने हळूच विचारलं.

“व्हती की. नऊ मावली, तिथं दोन मावली नसती? आदल्या दिवशीची जीप पोटात बसली व्हती माज्या. बाईनं पानी मागितलं. पानी द्यायचं तर दार उघडावं लागतं. न्हाय उघडलं. मग ती दोघं नदीच्या बाजूला गेली.”

मदीहाने कॅमेरा बंद करायला सांगितलं. थोड्या वेळाने ती सासूजवळ बसली. “आजी, हे ठेवायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही नऊ जणांना वाचवलंत. माझे अब्बा त्यात होते.”

“त्या बर्फातल्या बाईचं लोनी कापलंस,” सासू म्हणाली, “आता माजं दार कापनार?”

मदीहा गेली. आठवडाभराने तिचा भावनाला फोन आला. तिने ते शूटिंग आपल्या दादीला दाखवलं होतं. साजिदाबी आता एकोणऐंशीच्या. त्यांनी सगळं नीट बघितलं, जीपच्या ठिकाणी हसल्या, आणि शेवट झाल्यावर भडकल्या. “ही बायजा मला झाकते,” म्हणाल्या. “एकदा लपवलं तेवढं बस झालं. चल मला घेऊन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा मुदस्सिर, म्हणजे मदीहाचे अब्बा, त्यांना गाडीने घेऊन आला. तो त्या वेळी माळ्यावर होता, दहा वर्षांचा. साजिदाबी सासूशेजारी खाटेवर बसल्या आणि कॅमेरा कुठे आहे ते विचारून तिकडे बघत बोलल्या.

“दार वाजलं तेव्हा ही उठली होती. कडीला हात लावला होता हिनं. मी वरून बोलले, बायजा, मत खोल. माझी पोरं हायेत वर. दोनदा बोलले. ती बाई आमच्याच मोहल्ल्याची असेल नाहीतर नसेल. आवाज ओळखायची मी कोशिशच केली नाही.”

“कडी माज्या हातात व्हती,” सासू म्हणाली. “तुज्या न्हाय.”

“आणि जबान माझी होती.”

“तू गप. तुला मीठबी बराबर लागत न्हाय.”

मुदस्सिर उठून अंगणात गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याला आयुष्यभर फक्त जीपची गोष्ट सांगितली गेली होती.

जूनमध्ये भिवंडीत एका हॉलमध्ये रविवारी दुपारी फिल्म दाखवली. शंभरेक माणसं आली. एक स्थानिक पुढारी शाल-श्रीफळ घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. जीपच्या ठिकाणी हॉल हसून फुटला, पुढाऱ्यांनी तर मांडीवर थाप मारली. मग दारात दोघं आली, आणि पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. फिल्म संपली तेव्हा पुढाऱ्यांना शालीचं काय करावं कळेना. नऊ जणांसाठी द्यावी की दोघांसाठी ठेवून घ्यावी, असा पेच त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. शेवटी एका हाताने ती सासूच्या खांद्यावर टाकून ते दुसऱ्या कार्यक्रमाला गेले.

प्रश्नोत्तरं झाली. उन्नती नावाची कॉलेजची मुलगी उभी राहिली आणि घाबरत म्हणाली, “आजी, तुम्ही त्या दोघांना नंतर शोधलंत का?”

“शोधलं. दंगल निवल्यावर नदीकाठच्या चार गावांत इचारत फिरले. ही साजिदाबी पन छावनीत इचारत व्हती. पन इचारनार काय? नाव म्हाईत न्हाय. नाव इचारलं असतं, तर दार उघडावं लागलं असतं.”

घरी येताना ती गाडीत शाल अंगावर घेऊन झोपली. जूनच्या उकाड्यात. मी काढू का विचारलं तर म्हणाली, राहू द्या.

त्या दोघींनी हट्ट धरला म्हणून मदीहाने फिल्मच्या शेवटी दोन ओळी टाकल्या: म्हातारा आणि बाई कशी दिसत होती, कोणत्या दिवशी आली होती, आणि कोणाला काही माहीत असेल तर कळवावं. खाली भावनाचा नंबर आहे. फोन येतात. कोणी फिल्म आवडली म्हणतं, कोणी शिव्या देतं, एकाला सासूची मुलाखत हवी होती, एकाने गडी म्हणजे नक्की कोण ते विचारलं. मागच्या महिन्यात पडघ्याहून एका बाईचा आला. तिच्या सासऱ्यांना दंगलीच्या दिवसांत एक माणूस भेटला होता म्हणे, एकाच पायात चप्पल असलेला. पण तो एकटा होता. भावनाने फोन सासूच्या बऱ्या कानाला लावला आणि सासू त्या बाईला एकेक गोष्ट विचारत राहिली: पाय कुठला, गाठोडं होतं का, पाणी मिळालं का.