बोटभर फट

नानांच्या हातून चूक कधी झाली नाही. कंपनीची झाली, ऑइलची झाली, माझ्या दुकानातल्या फिल्टरची तर दर आठवड्याला झाली. विट्यात त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं स्पेअर पार्टचं दुकान, त्यामुळे पंचक्रोशीतल्या गाड्यांच्या पापाची धनी मी. पलटणीत हवालदार असताना त्यांनी म्हणे रणगाडे दुरुस्त केले. "एकबी परत आला न्हाई," असं मिशीला पीळ देत सांगायचे. मी म्हणायचे, "आवं नाना, वाटंतच बंद पडलं असत्याल." मग दोन दिवस बोलणं बंद.

ऑटोमॅटिक गाडीवर त्यांचं खास प्रवचन असे. गिअरबॉक्सच्या तोंडाशी पातेल्याएवढा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो हातानं गोल फिरवत आत पुरता बसवायचा. बसला, की गिअरबॉक्स इंजिनाला आपसूक चिकटतो. मध्ये फट राहिली आणि ती बोल्टानं ओढली, तर आतला ऑइल पंप फुटतो. "नव्या नवरीला वढून घरात आणू नये, गड्या. ती आपल्या पायानं येती," असं नाना म्हणत. चहा माझा असे, प्रवचन त्यांचं.

शामराव शेठ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातले. परमुलखातून ऑटोमॅटिक गाडी घेऊन गावी आले आणि इंजिन जाम झालं. दुसरं इंजिन आणलं, त्याला जुनाच गिअरबॉक्स जोडायचा होता. घाई होती ती शेठच्या आईला, आक्काला. लेकाच्या गाडीत बसून म्हसवडच्या रथाला येईन, असा तिनं सिद्धनाथाला नवस बोलला होता. भाड्याची गाडी तिला चालणार नव्हती. नानांनी छातीवर हात मारला, "आक्का, म्या सवता नेतो तुमास्नी."

इंजिन मुहूर्तावरच जोडायचं, हा नानांचा दंडक. मुहूर्तही तेच काढत. रथाच्या आदल्या दिवशी शेठ नारळ घेऊन उभे, नाना घड्याळाकडे बघतायत, आणि गिअरबॉक्स काही केल्या चिकटेना.

"नाना, बोटभर फट हाय की," मी म्हणाले.

"दिसतीया मला. तू फिल्टर इक."

मुहूर्त टळायला आला तसा त्यांनी पाना उचलला आणि बोल्ट आवळत गेले. आत कट्ट झालं. त्याच क्षणी शेठनी नारळ फोडला. नारळ आणि पंप, दोन्ही एकाच मुहूर्तावर फुटले.

"जुना पार्ट, चालायचंच," शेठ बिचारे म्हणाले. एवढी आयती सबब नानांना जन्मात कुणी दिली नव्हती. ते तसेच काळ्या हातांनी आक्काकडे निघाले. आता खापर माझ्या ऑइलवर फुटणार, म्हणून मीही पदर खोचून मागोमाग गेले.

"आक्का, माझं चुकलं. घाई क्येली," नाना म्हणाले.

मी दारातच थबकले. आक्कानं त्यांचे काळे हात पाहिले. मग म्हणाली, "आसू दे रं. द्येव कुटं पळून चाललाय? फुडल्या साली जाऊ."

नवा पंप आला. नानांनी पंचांग उघडलंही नाही. कन्व्हर्टर हातानं फिरवत फिरवत शांतपणे बसवला, फट राहिली नाही. पण तोवर थंडीनं आक्काला गाठलं होतं.

तिच्या अस्थी त्याच गाडीतून कऱ्हाडच्या संगमावर नेल्या. नाना चालवत होते, शेठ त्यांच्या शेजारी, मी मागे होते. सगळ्या वाटेत एक झटका बसला नाही, गिअर कधी बदलला तेही कळलं नाही. कुठल्याही कामावर नानांना चिडवल्याशिवाय मी राहत नसे. त्या दिवशी इतक्या चांगल्या कामावर मला एक शब्द बोलवला नाही.