रशियन शेजाऱ्याच्या स्केटची धार

दोन हजार तेवीस साली तो एकोणचाळीस वर्षांचा होता, आणि पडून परत उभं राहण्यात त्याचा हात धरील असा माणूस कॅनडातल्या सगळ्या मिसिसागा शहरात सापडला नसता. मी चौथीपर्यंत शिकलेला आहे, पण माणूस ओळखायला चौथी पुष्कळ झाली. आमच्या शेजारी भाड्याने राहणारा हा रशियन आइस हॉकीचा पगारी खेळाडू. कुठल्याशा पोलादाच्या कारखान्याच्या गावात जन्मला. बाप भट्टीवर कामाला जाण्याआधी अंगणात बादल्यांनी पाणी ओतून ठेवायचा, त्याचा बर्फ झाला की हा त्यावर खेळायचा. सतराव्या वर्षी पगार सुरू झाला, विसाव्या वर्षी कॅनडात आला. इथल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये तो चार मॅच खेळला आणि खांदा निखळला. जागा दुसऱ्याला गेली. पुढची सगळी वर्षं धाकट्या लीगमध्ये, टीमच्या बसमधून, या गावातून त्या गावात. "फक्त चार मॅच!" मी एकदा हळहळलो. तो पोळी तोडता तोडता म्हणाला, "बाबा, लाखो मुलं झिरो खेळतात."

मला बाबा म्हणायचा, कारण माझी सूनबाई म्हणते. त्याच्या भाषेत बाबा म्हणजे म्हातारी बाई, हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं, तेही हसू आवरेना तेव्हा. हसण्याआधी तो पुढचे तीन दात काढून पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवी, कारण खरे दात तीन वेगवेगळ्या गावांतल्या बर्फावर राहिले होते. रस्त्यावरचं स्नो काढणं हा त्याच्या मते व्यायाम. आपला ड्राइव्हवे झाला की आमचा, मग समोरच्या बाईंचा, असं करत तो पार कोपऱ्यापर्यंत शोव्हल करत जाई, आणि कुणी थँक यू म्हटलं तर रागावून बघे. एकदा मॅचच्या दिवशी आमच्याकडे चतुर्थी होती. त्याने साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि संध्याकाळी दोन गोल मारले. झालं! तेव्हापासून इथल्या प्रत्येक मॅचला आमच्या घरी खिचडी. सूनबाई म्हणायची, "बाबा, एवढे उपास मी देवासाठीसुद्धा केले नाहीत." आणि कुठेही निघायचं असलं की आधी मिनिटभर गप्प बसायचं, ही त्याच्या घरची रीत. उणे अठरा डिग्रीत तो बॅग खांद्याला लावून पायरीवर बसे आणि मलाही बसवी. बोललात तर परत पहिल्यापासून. दोनदा मला खोकला आला आणि तीन मिनिटं बसावं लागलं.

पण आमची दोस्ती जुळली ती ठिणग्यांवरून. क्लबात स्केटला धार लावायला पगारी माणूस होता, पण आमचा रशियन आपले स्केट कुणाच्या हाती देत नसे. गराजमध्ये त्याचं लहानसं ग्राइंडिंग मशीन होतं. पहिल्याच हिवाळ्यात मी खिडकीतून ठिणग्या पाहिल्या आणि जॅकेट न घालता पलीकडे गेलो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर माझी पस्तीस वर्षं गेली. ठिणगीच्या रंगावरून लोखंड ओळखतो मी. माझ्या हातचा जॉब तपासायला इन्स्पेक्टर यायचा नाही, यायचा तो चहा प्यायला. हे सगळं मी त्याला हातवारे करून सांगितलं. त्याने माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली, घट्टे पाहिले, आणि स्वतःचं स्टूल मला बसायला दिलं.

आता त्याच्यापुढे एकच प्रश्न होता: आणखी एक वर्ष खेळायला मिळतं की नाही. सीझन संपताना क्लब ठरवणार होता. फेब्रुवारीत मॅनेजर मुद्दाम त्याचाच खेळ पाहायला येणार होता, आणि नेमका आदल्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये त्याच्या हाताचा अंगठा सुजला. मी म्हटलं, "आण ते स्केट. मी लावतो धार." तो घुटमळला. मी छाती ठोकून म्हटलं, "थर्टी फाइव्ह इयर्स!" म्हाताऱ्याचा मान राखायला म्हणून त्याने दिले आणि पुढच्या दाराने निघून गेला. त्याला बघवलं नसावं.

मशीनचं चाक पाहिलं तर कड गोल झालेली. आमच्याकडे गोल कड म्हणजे झिजलेलं चाक, आणि झिजलेल्या चाकावर काम करणारा म्हणजे गाढव. मी चाक घासायच्या हिऱ्याच्या टोकाने ते सपाट केलं. मग पातं उलटं धरलं, तर खालून लांबीभर बारीक पन्हळ. म्हटलं, बघा, वाईट चाकाने कसं खाल्लंय! घासून घासून पातं आरशासारखं सपाट केलं. कुणी सांगावं मला, की ती पन्हळ मुद्दाम ठेवलेली असते, तिच्या दोन काठांनीच स्केट बर्फाला धरतो, आणि ती पाडण्यासाठीच चाकाला गोलाई दिलेली असते?

दुसऱ्या दिवशी मी आणि सूनबाई मॅचला गेलो. नाव पुकारलं, आमचा रशियन बर्फावर आला, वळायला गेला, आणि साबणावरून घसरावं तसा सरळ जाऊन रिंकच्या कडेच्या फळीवर आदळला. उठला, पुन्हा आदळला. लोक हसले. क्लबच्या माणसाने धार परत काढेपर्यंत पहिला भाग संपला होता, आणि मॅनेजरने हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं होतं. मी मान खाली घालून बसलो. घरी आल्यावर तो मला गराजमध्ये घेऊन गेला. एवढंच म्हणाला, "आइस हार्ड, बाबा. आय ॲम हार्डर." मग चाकाची गोलाई कशी द्यायची ते शांतपणे दाखवलं.

तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, "त्यांच्या ऑफिसात चल. चूक माझी होती असं सांगायचंय."

ती बघतच राहिली. "बाबा, तुम्ही आजवर माझ्याकडे एकदाही चूक कबूल केलेली नाही."

"तुझ्या बाबतीत झालीच नाही. गाडी काढ."

मॅनेजर उंच, सभ्य माणूस होता. मी मराठीत बोललो, तिने इंग्लिशमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुमचा शेजारी तर म्हणाला की स्केट तपासायला मीच विसरलो." मग म्हणाला, "स्केटमुळे काही बिघडलेलं नाही. त्याचे गुडघे संपलेत. डॉक्टरचा रिपोर्ट मला डिसेंबरपासून माहीत आहे." घरी गाडीतून उतरताना सूनबाई म्हणाली, "बरं केलंत, बाबा."

मार्चच्या शेवटी पत्र आलं. पुढचं वर्ष नाही. शेवटची मॅच इथेच झाली. खिचडी झाली, पायरीवर बसणं झालं. तो पडला चारदा, उठला चारदा. गोल काही झाला नाही. संपल्यावर त्याने काठी उंच धरून एक फेरी मारली, आणि फेब्रुवारीत हसलेली तीच माणसं उभी राहिली. आमच्यासमोर आल्यावर त्याने दात काढून हसून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. तो दारात, हातात स्केट. "बाबा. नाऊ यू."

मी म्हटलं, "परत मी धार लावू?"

"ऑफिसात गेला होतास ना? मॅनेजरने सांगितलं."

त्याला हे माहीत नव्हतं, की फेब्रुवारीपासून तो टीमबरोबर बाहेरगावी असला की मी जुन्या बाजारातून आणलेल्या स्केटवर त्याच्याच मशीनवर सराव करत होतो. त्याच्या गराजची चावी सूनबाईकडे असायची. आम्ही गराजमध्ये गेलो. मी चाकाला गोलाई दिली, पातं धरलं, सहा हात मारले. त्याने नख आडवं ओढलं. दोन्ही काठांवर नखाची पांढरी भुकटी निघाली. मग स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मग आम्ही तिघं कम्युनिटी सेंटरच्या रिंकवर गेलो. निघण्याआधी पायरीवर बसलो. मला खोकला आला नाही. सकाळची वेळ पंचावन्नच्या वरच्यांसाठी राखीव होती. काउंटरवरच्या बाईंनी त्याचं वय विचारलं, तर सूनबाई म्हणाली, "हा आमच्या बाबांना धरायला आलाय." तो एकटाच एक फेरी मारून आला. वळणावर माझी धार चर्रर्र करून बर्फ धरत होती. मग माझ्यापुढे त्या संपलेल्या गुडघ्यांवर बसला, भाड्याच्या स्केटच्या नाड्या माझ्या पायात आवळल्या आणि हात पुढे केला.

"मी पडलो तर?" मी विचारलं.

"पडणार," तो म्हणाला. आणि त्या सकाळी त्याने मला सगळ्यात आधी नीट पडायला शिकवलं.