नुकसानीचा रकाना

रिपोर्टकाकांना ‘कसं झालंय?’ असं सहज विचारायची सोय नव्हती. लग्नाच्या पंगतीतून उठताना मुलीच्या वडिलांनी हात जोडून जेवणाची चौकशी केली, की बाकीचे सगळे ‘एकदम झकास’ म्हणून पुढे सरकत. काका थांबत. मठ्ठा चांगला होता, बुंदीचा पाक कच्चा राहिला आणि शेवटच्या ओळीतल्या बायकांपर्यंत भाजी पोचलीच नाही, हे सगळं ते हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगत. मुलीचे वडील आधी चपापत आणि मग शेवटच्या ओळीकडे धावत. त्यांच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीने त्यांना रिपोर्टकाका हे नाव दिलं ते यावरूनच. त्यात चेष्टा होती, पण लग्न ठरलं की आचाऱ्याच्या हाताची चव बघायला त्यांनाच बोलावलं जाई.

पोटासाठीही ते हेच करत. एक्क्याऐंशी साली ते एका बियाणे कंपनीत लागले. नवं वाण बाजारात आणण्याआधी कंपनी ते गावोगावच्या शेतकऱ्यांना थोडंथोडं पेरायला देई आणि सुगीनंतर कसं आलं ते विचारायला काकांना पाठवी. कंपनीच्या छापील तक्त्यात उत्तराला तीनच चौकोन होते, उत्तम, मध्यम आणि वाईट. काका चौकोनात खूण करत आणि मग खिशातली स्वतःची वही काढून शेतकरी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून घेत. त्या वह्या कंपनीने कधी मागितल्या नाहीत.

आमच्या गावी, धावड्याच्या रानात त्यांच्या मक्याचा अर्धा एकर असे. माझे वडील कमी बोलणारे. गावातल्या माणसांना त्यांच्याकडून चार शब्द मिळत नसत, पण काका मोटारसायकल लावून बांधावर बसले की तासभर बोलणं चाले. मी विळा घेऊन जवळपास घुटमळत असे. काका गेल्यावर वडील एकदा आईला म्हणाले होते, “बाकीचे साहेब बियाण्याचं इचारतात. हा माझं इचारतो.”

त्या ओळखीवर दहावीनंतर वडिलांनी मला कॉलेजसाठी जालन्याला, काकांच्या घरी ठेवलं. काकूंनी मला मागची खोली दिली आणि पहिल्या महिन्यातच त्या तापाने पडल्या, तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला. मी वरण केलं आणि न राहवून विचारलं, कसं झालंय. काकांनी दुसरा घास घेतला, मग सांगितलं की मीठ बराबर आहे, हळद जास्त झाली, फोडणी करपली आणि करपलेली वरून काढून टाकलीस तेही कळतंय. मी रडकुंडीला आले. तेव्हा ते म्हणाले, “चांगलं म्हटलं की मानूस तिथंच थांबतं, माय. तुला कुठं थांबायचंय सध्या?”

मग औरंगाबादला इंजिनिअरिंग आणि पुढे पुण्यात नोकरी. नोकरी सांभाळून आम्ही तिघांनी, म्हणजे मी, माझ्या ऑफिसातल्या मिलिंदने आणि त्याच्या एका मित्राने, शनिवार-रविवारी बसून एक एडिटर तयार केला. प्रोग्राम लिहिणाऱ्याला जे कोरं पान लागतं, ते म्हणजे एडिटर. तेव्हा विंडोजवर चालणारा एडिटर सहसा लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालत नसे आणि तिथला इथे चालत नसे. आमचा दोन्हींवर सारखाच चालेल असा आमचा दावा होता. पहिली आवृत्ती आम्ही इंटरनेटवर फुकट ठेवली आणि खाली लिहिलं, ‘आपला अभिप्राय कळवा.’ पंधरा दिवसांत वीसेक मेल आले. निम्म्यांत ‘मस्त’ होतं, निम्म्यांत ‘भंगार’. दोन्हींचा आम्हाला सारखाच उपयोग होता, म्हणजे काहीच नाही.

आणि मग पोस्टाने एक जाड पाकीट आलं. आत कंपनीचा तोच जुना छापील तक्ता. ‘वाण’ या रकान्यात आमच्या एडिटरचं नाव. ‘जमीन’ या रकान्यात, एक, ऑफिसचा कॉम्प्युटर, विंडोज. दोन, घरचा कॉम्प्युटर, लिनक्स. काका चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले होते, हे मला माहीत होतं. कंपनीने काढून टाकलेलं एक जुनं यंत्र त्यांनी घरी आणलं होतं. त्यावर विंडोज रडतखडत चाले, म्हणून त्यांच्या भाच्याने लिनक्स घालून दिलं होतं. आमच्या एडिटरची बातमी मीच फोनवर कौतुकाने सांगितली होती, आणि काकांनी ती मनावर घेतली होती.

‘जमीन’ वाचून मिलिंद हसत सुटला. पण खालच्या कोऱ्या जागेत काकांनी लिहिलेला शेरा दिसला तशी त्याने खुर्ची पुढे ओढली. घरच्या लहान पडद्यावर ‘सेव्ह’चं बटण दिसतच नाही, अर्धं खाली जातं. फाइल बंद करून उघडली की आपण कुठे होतो ते एडिटर विसरतो. प्रत्येक गोष्ट कोणत्या क्रमाने केली म्हणजे घडते, तेही लिहिलं होतं. मी फोन केला तेव्हा म्हणाले, “एका जमिनीत आलं म्हणून दुसरीत येईलच असं न्हाई. दोन्हीकडं पेरून पाहावं लागतं.” मिलिंदने तो तक्ता भिंतीवर चिकटवला. पुढचे दोन तक्ते आले तेव्हा आम्ही पोस्टमनची वाट बघू लागलो होतो.

चौथा तक्ता छोटा होता. शेरा एवढाच, की घरी मराठीत लिहिलेली फाइल ऑफिसात उघडून पुन्हा सेव्ह केली, की सगळ्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. शेवटच्या ‘नुकसान’ या रकान्यात नुसती एक आडवी रेघ.

मिलिंद म्हणाला, प्रोग्राममध्ये मराठी कोण लिहितं? हे दुरुस्त करायचं तर मुळापासून उकलावं लागेल, महिना जाईल. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. मी काकांना छान पत्र पाठवलं, की सूचनेबद्दल आभारी आहोत, लवकरच पाहतो. आणि तो तक्ता भिंतीवर न लावता खणात ठेवला.

दिवाळीत धावड्याला जाताना मी जालन्याला उतरले. काकू दारातच म्हणाल्या, “बरं झालं आलीस. दोन महिने झाले, हे टेबलावरून उठून न्हाई राह्यले. डोळे पार लाल करून घेतलेत.”

काका मागच्या खोलीत, माझ्या जुन्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर बसले होते. शेजारी वह्यांची चळत. एका हातात भिंग धरून ते वहीतली ओळ वाचत, भिंग ठेवत आणि एका बोटाने टाइप करत. मला कळायला क्षणभर वेळ लागला. वीसएक वर्षांच्या वह्यांमधले शेतकऱ्यांचे शब्द ते कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत होते, रिटायर होण्याआधी सगळं एका जागी यावं म्हणून. ते वाण आणि जमिनीप्रमाणे लावणारा छोटा प्रोग्रामही त्यांनीच लिहिला होता. घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे उघडणारा एडिटर आमचाच, म्हणून त्यांनी सगळं त्यात लिहिलं. आणि आमच्या एडिटरने त्या सगळ्याची प्रश्नचिन्हं केली होती. आता ते पहिल्यापासून पुन्हा लिहीत होते, आणि फाइल ऑफिसात नेत नव्हते.

दुसरी प्रत नव्हती का, असं मी विचारलं. होती, दोन फ्लॉपींवर. पण त्यांनी बिघडलेली फाइलच न बघता दोन्हींवर चढवली होती. त्यात माझीही चूक आहे, असं ते स्वतःहून म्हणाले.

“पण नुकसानीच्या रकान्यात तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, काका.”

“बिघाड कशानं होतो ते तुला कळायला पाहिजे होतं. माझं किती गेलं ते कशाला? ते लिहिलं असतं तर तू माझ्यासाठी घाईघाईत काहीतरी केलं असतं. मंग ते बराबर झालं नसतं.”

मला गप्प राहता आलं असतं. पण त्या माणसासमोर ते जमेना. मी सांगून टाकलं, की तुमचा तक्ता मी वाचला होता, मराठी कोण लिहितं असं आम्ही म्हणालो आणि तो खणात टाकला.

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. टाइप केलेलं गेल्याचं त्यांनी इतकं मनाला लावून घेतलेलं दिसत नव्हतं, पण आता त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, “मंग तसं लिहायचं होतं. आत्ता न्हाई करत, असं. मी बिलकुल रागावलो नसतो. ‘लवकरच पाहतो’ वाचून मी रोज वाट पाहत बसलो ना.”

मी धावड्याला फोन करून सांगितलं, की चार दिवस उशिरा येते. मग मी वहीतून वाचायचं आणि काकांनी टाइप करायचं, असं सुरू झालं. टेंभुर्णीच्या एका बाईंनी म्हटलं होतं, की बाजरी भरली बराबर, पर भाकर थापताना तुटती, मंग काय करायची भरून? एका म्हाताऱ्याने वाणाबद्दल काहीच न सांगता पानभर आपल्या बैलाबद्दल सांगितलं होतं, आणि काकांनी तेही उतरवून घेतलं होतं. मी एकदा बोली सुधारून वाचायला गेले, तर त्यांचं बोट हवेतच थांबलं. जसं हाय तसं वाच, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पान उलटलं आणि वर वडिलांचं नाव होतं. ते जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी वाचू लागले. “उगवण बराबर. कणीस मोठं. त्या आठवड्यात मी रानात न्हवतो, पोरीचं नाव शाळेत घालाया भोकरदनला गेल्तो. म्हून पाखरानं किती खाल्लं ते मला ठावं न्हाई. अंदाजानं सांगनार न्हाई. पोरगी हुशार हाये, साहेब, तेवढं लिहा.”

वडील माझ्यासमोर मला कधी हुशार म्हणाले नव्हते. मी त्या ओळीवर बोट ठेवून थांबले. काकांनी मान वळवून बघितलं नाही. बोटं टेबलावर ठेवून ते पडद्याकडे बघत बसले. नजर न हलवता म्हणाले, “सावकाश होऊ दे. आपल्याला जल्दी न्हाई.” मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि त्यांनी एकेक अक्षर टाइप केलं.

पुण्याला परतल्यावर मी मिलिंदला सगळं सांगितलं. खणातून तक्ता काढून त्याने स्वतःच भिंतीवर लावला. आम्ही पुढची आवृत्ती रोखून धरली आणि पाच आठवडे मुळापासून उकललं. पहिली प्रत काकांना पाठवली. त्यांच्या तक्त्यात शेरा आला, ‘मराठी दोन्ही जमिनींत टिकली. आठ दिवस उघडून-मिटून पाहिलं.’ एवढा आनंद मला पुढे कुठल्या बक्षिसाने दिला नाही.

रिटायर होताना काकांनी सगळ्याची छापील प्रत कंपनीला दिली. ती बहुधा कपाटात गेली असावी. त्यांनी त्याची तक्रार केली नाही. पण नंतरचं वर्षभर ते मोटारसायकलवरून गावोगाव गेले आणि ज्याचे शब्द त्याला, नाहीतर त्याच्या घरच्यांना, एकेक कागद देऊन आले. आमच्या आईला वाचता येत नाही. तिने वडिलांच्या शब्दांचा तो कागद माझ्या वहिनीकडून तीनदा वाचून घेतला, असं काकांनी मला कळवलं.

काका गेले ते पुढे काही वर्षांनी, एका सकाळी, अंगणात दाढी करताना. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. गाडी दुपारची होती. आधी पोचणं शक्य नव्हतं आणि नुसतं बसवतही नव्हतं. समोर एक तक्रार पडली होती. कोल्हापूरकडच्या एका शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई होत्या, त्यांची मुलांच्या कामाची फाइल आमच्या एडिटरच्या नव्या आवृत्तीत उडाली होती. पत्रात राग होता आणि खाली फोन नंबर. मी तो लावला.

त्या आधी तावातावाने बोलल्या, मग हळूहळू सगळं सांगत गेल्या. मी लिहून घेत होते. पाऊण तास झाला असेल. शेवटी त्यांनीच विचारलं, की तुमचा आवाज असा का येतोय, बरं नाही का? मी म्हटलं, आमचे एक काका आज सकाळी गेले.

मला वाटलं, त्या ‘अरेरे’ म्हणून फोन ठेवतील. पण त्या म्हणाल्या, “कोण होते ते? सांगा ना, मला वेळ आहे.”

गाडीला अजून दोन तास होते. मी सांगायला सुरुवात केली.