काटा सातशेच्या खाली

आमच्या ट्रक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टर्बो उघडायचा तो ताईनेच, हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलं होतं. मी तिथला स्टोअरकीपर. माझी खिडकी आणि तिचं टेबल समोरासमोर, त्यामुळे अठरा वर्षं मी तिला रोज पाहत आलो. आली तेव्हा ती रॉकेलच्या टबात सुटे भाग धुवायची. धुता धुता मोडका भाग उलटसुलट करून बघायची आणि हाताशी असेल त्या मेकॅनिकचं डोकं खायची, "हा इथेच का झिजला?" कुणी सांगायचं, कुणी हाकलायचं. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की लोकच तिला विचारायला लागले. मग टब सुटला आणि टेबल मिळालं.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून भरलेली गाडी घाट चढते. पंखा तळहातावर मावेल एवढा, पण तापला तर निखाऱ्यासारखा लाल होतो. हे मला कळलं ते त्या वर्षी, तीन महिन्यांत आमच्या चार गाड्या घाटात बसल्या तेव्हा.

चौथी गाडी ताईचा धाकटा भाऊ चालवायचा. त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे. घाट चढून आला की तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचा, थंड होऊ द्यायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही मांडवापाशी गाडी आणून तो तीन मिनिटं आतच बसून राहिला होता. वधूपक्षाला वाटलं, पोराचं मन फिरलं.

अशा माणसाच्या गाडीचा पिस्टन वितळला, आणि फोरमनने सरळ सांगितलं, "ड्रायव्हरची चूक. तापलेली गाडी लगेच बंद करतात, टर्बोतलं तेल करपतं, मग पुढचं सगळं ओघाने आलंच." सावकाशला गाडीवरून उतरवलं. तो घरी बसला.

ताईने त्याच्या गाडीचा टर्बो टेबलावर घेतला आणि सकाळभर मान वर केली नाही. दुपारी मला हाक मारली. "भाऊ, जरा बाहेर या. हा पंख्याचा दांडा बघा. काय दिसतंय?"

"काही नाही. चकचकीत आहे."

"तेच तर. तेल करपलं असतं तर इथे काळा कोळसा चिकटला असता. आता ही पाती बघा."

पात्यांची टोकं उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. बाहेरच्या कवचाला तडा होता, आणि आत ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते.

"हा पिस्टन आहे," ती म्हणाली. "वितळून इथवर आला. टर्बोने इंजिन मारलं नाही. इंजिनातूनच नको एवढा तापलेला धूर आला आणि त्याने दोघांनाही खाल्लं."

कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. चार महिन्यांपूर्वी मालकांनी एक लॅपटॉपवाला बोलावून सगळ्या इंजिनांची ताकद वाढवून घेतली होती. डिझेल वाढलं, हवा तेवढीच राहिली. पण हे मालकांना सांगणार कोण? फोरमन गप्प होता, त्याचं कारणही तेच.

ताईने टर्बो ट्रेमध्ये ठेवला आणि मालकांच्या केबिनमध्ये गेली. मागोमाग मी.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाऊ आहे म्हणून बाजू घेताय, असं लोक म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही मात्र स्वतः बघून ठरवा. टर्बोच्या अलीकडे पाइपात उष्णता मोजणारा काटा बसवते. सातशे अंशांच्या वर गेला की धोका. भरलेली गाडी, तोच घाट, आणि चालवायला माझाच भाऊ. तुम्ही शेजारी बसा."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. सिमेंटने भरलेली गाडी, सावकाश स्टिअरिंगवर, मालक खिडकीशी, मधे ताई, आणि मागच्या झोपायच्या फळीवर वही घेऊन मी. सपाटीवर काटा चारशेवर होता. चढ लागला तसा पाचशे, सहाशे. तिसऱ्या वळणावर त्याने सातशे ओलांडले. सातशे ऐंशी.

"पाय अर्धा काढ," ताई म्हणाली. "एक गियर खाली घे."

इंजिनाचा आवाज मोकळा झाला. काटा हळूहळू उतरत साडेसहाशेवर आला.

"म्हणजे ड्रायव्हरला सांभाळता येतं," मालक म्हणाले.

"दिसलं तर. समोर बघा ना. पाण्याचा काटा मधोमध, तेलाचा ठीक. चार महिने या लोकांना हेच दिसत होतं, आणि आत पिस्टन वितळत होता."

मालकांनी समोर पाहिलं. मग नव्या काट्याकडे.

परत आल्यावर त्याच गाडीचं डिझेल पूर्वीच्या मापावर आणलं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच वजन घेऊन पुन्हा निघालो. या वेळी सावकाशने आपल्या नेहमीच्या पद्धतीने गाडी हाकली. काटा सहाशे चाळीसच्या वर गेलाच नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा मालकांनी घड्याळ पाहिलं.

"कालपेक्षा चार मिनिटं जास्त."

"हो," ताई म्हणाली. "या चार मिनिटांपायी चार इंजिनं गेली."

मालक हसले, पण नजर खाली होती. मग सावकाशकडे वळून म्हणाले, "चूक माझी होती. उद्यापासून ये." सावकाशने तीन मिनिटं इंजिन चालू ठेवलं, आणि त्या तीन मिनिटांत कुणीही त्याला घाई केली नाही. खाली उतरल्यावर त्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने तोंड दरीकडे फिरवलं. डोळे तिचे भरले होते, मी पाहिलं.

महिन्याभरात सगळी इंजिनं जुन्या मापावर आली आणि बावीसही गाड्यांत तो काटा बसला. बसवायला फोरमन स्वतः हातात पाना घेऊन उभा होता. ड्रायव्हरांची शिकवणी ताईने अंगणात घेतली, कुरतडलेली पाती एकेकाच्या हातात दिली आणि सांगितलं, "सातशेच्या वर गेलं की हे होतं." आडदांड माणसं शाळेतल्यासारखी रांगेत उभी होती.

पुढचं अख्खं वर्ष एकही गाडी घाटात बसली नाही. नव्या वर्षी इंजिन विभाग ताईच्या हाती आला. दारावर पाटी लावायला रंगारी आला होता. त्याने विचारलं, "बाई, नावापुढे काय लिहू?"

तिने हातातला पाना खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मेकॅनिक लिहा. मोठ्या अक्षरात."