शैलाताईची उंची आणि माझा नवरा

जो मुलगा शैलाताईला बघायला आला होता, त्याच्याशीच माझं लग्न झालं.

माझी ताई आज सकाळी गेली.

तेव्हा आम्ही जबलपूरला, चेरीताल मोहल्ल्यात राहायचो. ताई पोहे घेऊन बाहेर आली आणि मुलाची आई मान वर करून बघतच राहिली.

"मुलगी चांगली आहे हो. पण आमच्या मुलाच्या डोक्यावरून बघून राहिली!"

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी बरोब्बर मापाची.

सगळा मोहल्ला हळहळला. बिचारी शैला!

बिचारी कसली? पुढच्याच वर्षी रेल्वेने तिला बास्केटबॉलसाठी नोकरीत घेतलं. चक्क खेळायचा पगार! बाबा कौतुकाने सांगायचे, तर लोक विचारायचे, "वो तो ठीक है जी, पर काम क्या करती है?"

ती कलकत्ता, मद्रास, दिल्ली.

मी जबलपुरातच, गोरखपूर मोहल्ल्यात. दोन खोल्या आणि सासूबाई.

हो, जेलस होते मी. तिच्या किटबॅगवर जळायचे, तिच्या बुटांवर जळायचे. तिच्या खरचटलेल्या गुडघ्यांचासुद्धा मला हेवा वाटायचा.

एकदा जबलपूरलाच मॅच होती. मुन्ना माझ्या मांडीवर. रिंगला लागून परत आलेला बॉल ताईने सगळ्यांच्या वरून काढला, वळली आणि बास्केट!

आमचे हे बाकावर उभे राहून ओरडले, "साली है हमारी!"

जिच्या उंचीला नाक मुरडलं, तिच्याच उंचीवर आता टाळ्या. घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे ताट आदळलं.

"अरे, काहून रागावून राहिली?"

त्यांना अजून कळलेलं नाही.

रिटायर झाल्यावर ताई आमच्याच गल्लीत राहायला आली. एकटी, मजेत. मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ बसले होते, तेव्हा शेवटी विचारलंच.

"ताई, खरं सांग. तुला कधी माझा हेवा वाटला का गं? घर, मुलं, नातवंडं पाहून?"

तिने डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. मला बरं वाटावं म्हणून मनापासून काहीतरी शोधत होती, ते दिसत होतं.

"नाही गं मंदे. खरंच नाही."

मग माझा हात धरून म्हणाली, "तू वाईट नको वाटून घेऊ हं."

एकदा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, ताई?

श्रद्धांजली वाहते आहे. रडतेही आहे. पण तुझा हेवा अजून तेवढाच वाटतो.

जा, ताई.