बेल सरांची निवडणूक

आज राजशेखर भावजींचा शाळेत निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, पेढे, सगळं यथास्थित. पण जुन्या विद्यार्थ्यांतला एकजण माईक हातात घेऊन म्हणाला, "आमच्या बेल सरांनी आम्हाला मतदान शिकवलं," आणि मागची सगळी पोरं हसली. टाळ्याही पडल्या. भावजी मान खाली घालून शालीच्या दशा चाळत बसले. शेजारच्या पाहुण्यांना वाटलं, सर महादेवाचे भक्त असतील. आहेतच. पण हे नाव भक्तीतून आलेलं नाही. कशातून आलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. रोजच्या वहीत मी पूजा, स्वयंपाक, आलंगेलं एवढंच लिहिते. आज हे लिहिते.

राजशेखर माझे धाकटे दीर. हातकणंगल्याकडच्या एका गावात हायस्कुलाला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. रोज कोल्हापुरातून एम-एटी गाडीवर जायचे, धुळीनं माखून यायचे. नागरिकशास्त्राला मार्क थोडे, म्हणून बाकीचे मास्तर ते पुस्तक परीक्षेच्या तोंडावर उरकतात. भावजींचं उलटं. त्यांच्या खोलीत पुठ्ठे, काडेपेट्या, खळीची वाटी. काडेपेट्यांची ग्रामपंचायत केलेली. आमच्या दुकानातला मोडका तराजू न्यायालयाच्या धड्याला गेला तो गेलाच. आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, म्हणायच्या, "ह्यो मास्तर हाय का भंगारवाला?" भावजी हसून म्हणायचे, "अव्वा, पोरांनी हात लावल्याबिगर ध्यानात ऱ्हात न्हाय."

अठ्ठ्याण्णव साली त्यांनी सातवीच्या वर्गात खरीखुरी निवडणूक घ्यायची ठरवली. वर्गमंत्री मतदानानं निवडायचा. गोडेतेलाच्या डब्याला चीर पाडून मतपेटी केली. मतपत्रिका हातानं लिहिल्या. शिक्का कशाचा करायचा म्हणून अडलं, तेव्हा मी भेंडी आडवी कापून शाईत बुडवून दाखवली. चांदणीसारखा ठसा उमटला. भावजी इतके खूश झाले की म्हणाले, "वैनी, तुम्हीच या. बोटाला शाई लावायला बाईमाणूस पायजे." माझी जुनी हिरवी साडी पडद्यासाठी घेतली आणि मी त्यांच्या मागं बसून गेले. सोमवार होता, उपास होता, तरी गेले.

दोन उमेदवार. एक जोतीराम, त्याचे वडील पिराजी मास्तर त्याच शाळेत. मास्तरांच्या पतपेढीचं पॅनेल ते चालवायचे, त्यामुळं गावात आणि बदल्या करणाऱ्या संस्थेतही वजन. जोतीरामची निशाणी बॅट, आणि वर्गाला बॅट आणून देतो हे वचन. दुसरी अरीबा. तिची आई चाँदबी गावात कपडे शिवायची. अरीबानं फळ्यापुढं उभं राहून एकच गोष्ट सांगितली. "मुलींच्या मुतारीला दार न्हाय. आम्ही दोघी-दोघी जातो, एक जण वढणी धरून उभी ऱ्हाती. मी मंत्री झाले तर हेडसरांच्या टेबलापुढनं दार घेतल्याबिगर हलणार न्हाय."

मुलींच्या बाकांवर अशी शांतता झाली की मला वाटलं, झालं, ही निवडून आली. वर्गात मुली जास्त होत्या.

एकेक पोर आलं. मी शाई लावली. "आत्ती, गुदगुल्या हुत्यात," म्हणून एकजण पळाला. पडद्याआड जायचं, ठसा मारायचा, घडी घालून पेटीत टाकायची. भावजी दाराशी उभे. चेहऱ्यावर असं काही तेज की जणू देशाचीच निवडणूक.

मोजणी झाली. अरीबाला एक मत. तिचं स्वतःचं.

भावजींनी पेटी उलटी करून झटकली. मग मुलींकडं बघून म्हणाले, "अगं, दार तुम्हालाच पायजे हुतं न्हवं?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी पहिल्या बाकावरची रत्नव्वा उठली. "बेल-भंडारा उचललाय, सर. मधल्या सुट्टीत जोतीरामनं सगळ्यांस्नी महादेवाच्या देवळात नेलतं."

आमच्याकडं मोठ्या निवडणुकीत हे चालतं. बेलाचं पान आणि भंडारा हातात देऊन वदवून घेतात, मत अमक्यालाच. मोडलं तर देव बघून घेईल. पण सातवीच्या पोरांत?

"आणि काशिफ, तू रं?" भावजींनी विचारलं. काशिफ अरीबाचा चुलतभाऊ.

"मला पिराच्या चौथऱ्याला हात लावाय लावला, सर." तो रडायच्या बेताला आला होता.

"अरे पण पडदा कशाला लावला हुता? आत कोण बघत हुतं तुम्हाला?"

"देव बघत हुता की, सर," रत्नव्वा म्हणाली.

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. माझ्या कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. देव बघत नाही असं मी कसं म्हणणार? आणि बघतो म्हणावं तर त्या पोरीचं काय? मी शाईची बाटली बंद करत बसले.

भावजी आवाज चढवून म्हणाले, "मताला शपथ घालायची नसती. मत ज्याचं त्याचं. असल्या शपथेला कोण मानत न्हाय."

तसा जोतीराम उभा राहिला. उर्मटपणा नव्हता त्याच्यात, खरंच कोड्यात पडला होता. "मग सर, पतपेढीच्या विलेक्शनला तुम्ही का उचलला? त्याच देवळात. आमचे आप्पा म्हणाले, सरांनी बी उचललाय, तू बी तसंच कर."

मला हे ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. मला वाटलं, आता भावजी त्याला गप्प बसवतील, निदान छडी आपटतील. ते स्टुलावर बसले, मांडीवर तो तेलाचा डबा.

"उचललाय," ते म्हणाले.

अरीबा तिच्या जागेवरनं उठली. एका मतानं हरलेली नव्हे, एकच मत मिळालेली पोर. पण डोळे कोरडे. "मग मत कुणाला दिलं, सर?"

"ज्यांचा बेल उचलला त्यांनाच."

"ती माणसं तुम्हाला बरी वाटत हुती?"

भावजींनी डब्याच्या चिरेवरनं अंगठा फिरवला. पत्रा लागला असावा. "न्हाय," म्हणाले. "लांब बदली करतील म्हणून भ्यालो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. घंटा झाली. पोरं बाहेर पडताना व्हरांड्यात "बेल सर, बेल सर" सुरू झालं, ते आजच्या माईकपर्यंत.

फेरमतदान झालं नाही. भावजी हेडसरांकडं गेले होते, पण तिथं पिराजी मास्तर चहा पीत बसलेले. हेडसर म्हणाले, "पोरांचा खेळ हाय, लागला निकाल तो लागला." भावजी तसेच परत आले. मला म्हणाले, "वैनी, पोरांनी शपथ मोडली असती तर पाप लागलं असतं का हो?" मी रोज पूजा करते, सोमवार धरते. तो प्रश्न मी अजून त्याच महादेवापुढं ठेवते.

मग त्यांनी पडदा सोडला. शिपायाकडनं हातोडी घेतली आणि मुलींच्या मुतारीकडं निघाले. मी साडीचं एक टोक धरलं. घराकडं निघालेल्या मुली थांबल्या, थोड्या लांबच. अरीबा मात्र जवळ आली. भावजी ठोकत होते आणि ती तळहातावर खिळे धरून उभी होती. चौकट भुसभुशीत, खिळा धरेना. कसाबसा पडदा टांगला. वाऱ्याची झुळूक आली आणि हिरवा पदर सरळ आत उडाला.

अरीबानं तो हातानं खाली ओढला, परत उडाला.

"उडतोय, सर," ती म्हणाली. "आम्ही दार मागितलं हुतं."

भावजींच्या दातांत एक खिळा होता. तो दातांत तसाच धरून ते पुन्हा ठोकायला लागले.